मूलपेशी आणि तिचा शेजार

‘रक्त कोठे तयार होते?’ असा प्रश्न परीक्षेत आला की ‘अस्थिमज्जेत’ असे लिहून आपण मोकळे होतो. उत्तर बरोबर असते आणि गुणही पुरे मिळतात. पण त्या एका शब्दासरशी मनात जे चित्र उभे राहते, ते कितपत बरोबर असते? बहुतेकांना हाडाच्या पोकळीत एक कारखाना दिसतो. एका बाजूने कच्चा माल आत जातो, दुसऱ्या बाजूने रक्तपेशी बाहेर पडतात. पुढे वरच्या वर्गात मूलपेशींची, म्हणजेच स्टेम सेल्सची, ओळख झाली की या कारखान्यात एक जादूचे यंत्र येऊन बसते. मग समजूत होते ती अशी : मूलपेशी म्हणजे वाटेल त्या पेशीला जन्म देणारे बीज, ते कोठेही टाका, उगवलेच म्हणून समजा!

विद्यार्थी मित्रहो, हे चित्र अपुरे आहे आणि अपुरे असल्यामुळेच ते फसवे आहे, असे माझे म्हणणे आहे. मूलपेशी आपल्या एकटीच्या बळावर काहीच ठरवीत नाही. केव्हा विभागायचे, केव्हा स्वस्थ बसायचे, केव्हा जागा सोडून जायचे, हे तिच्या भोवतालच्या पेशी तिला सांगत असतात. हा शेजार आपण शिकवीत नाही आणि शिकत नाही. त्याची किंमत परीक्षेत मोजावी लागत नाही. ती मोजावी लागते पुढे, घरात कोणी आजारी पडल्यावर. कशी, ते शेवटी पाहू. आधी या शेजाराचा शोध कसा लागला ते पाहू या.

सेकंदाला वीस लाख

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. तुमच्या पुस्तकात त्यांना लोहित रक्तकणिका म्हटले असेल. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, रक्तपट्टिका आठ-दहा दिवस, तर काही पांढऱ्या पेशींचे आयुष्य त्याहूनही थोडे. म्हणजे हा पुरवठा एक दिवसही बंद पडून चालत नाही. जखम होऊन रक्त गेले किंवा जंतूंचा हल्ला झाला, तर तो वाढला पाहिजे. आणि संकट टळले की पुन्हा पूर्वीइतका झाला पाहिजे. कमी पडला तर पांडुरोग, रक्तस्राव, जंतुसंसर्ग. आवराबाहेर गेला तर रक्ताचे विकार, प्रसंगी कर्करोग.

एवढ्या प्रचंड उत्पादनामागे मूलपेशी किती असाव्यात? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका ५९ वर्षांच्या निरोगी माणसाच्या रक्तपेशींतील जनुकीय खुणा तपासून हा हिशेब मांडला गेला. रक्त घडविण्यात सहभागी असलेल्या मूलपेशींची संख्या ५० हजार ते २ लाखांच्या दरम्यान निघाली. सेकंदाला २० लाख पेशी, आणि त्यांचे मूळ मात्र फार तर दोन लाख! हे कोडे सुटते ते दुपटीच्या गणिताने. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असे वीस वेळा झाले की दहा लाखांवर पेशी होतात. ही दुप्पट होण्याची धावपळ मूलपेशी स्वतः करीत नाही. ती क्वचितच विभागते. तिच्यापासून निघालेल्या पुढच्या पिढ्या भराभर वाढतात आणि वाढता वाढता तांबड्या, पांढऱ्या किंवा रक्तपट्टिका घडविणाऱ्या पेशी बनतात.

मूलपेशी अशी राखून का ठेवलेली असते? दर विभाजनात पेशीला आपल्या डीएनएची संपूर्ण नक्कल करावी लागते आणि नकलेत चुका होतात. पुढच्या पिढीत चूक झाली तर ती पेशी थोड्या दिवसांत मरून जाते. मूलपेशीतली चूक मात्र आयुष्यभर राहते. शेतकरी घरात टंचाई असली तरी पेरणीचे बियाणे दळायला काढीत नाही, तसाच हा प्रकार. पण बियाणे जपायला शेतकरी असतो. मूलपेशीला कोण जपते?

दोन पांढरे उंदीर

मूलपेशी प्रत्यक्ष असते, हे कॅनडातील टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलॉक यांनी १९६१ साली दाखविले. क्ष-किरणांसारख्या प्रखर किरणांच्या माऱ्याने ज्यांची स्वतःची मज्जा नष्ट केली होती, अशा उंदरांना त्यांनी निरोगी उंदराची मज्जा शिरेतून दिली. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी दिसू लागल्या. पुढील दोन वर्षांत असे सिद्ध झाले, की अशी एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली असते आणि तिच्यात निरनिराळ्या प्रकारच्या रक्तपेशी असतात.

माझ्या मते प्रत्येक विद्यार्थ्याने जो प्रयोग समजून घ्यायला हवा तो याच्या पुढचा आहे. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत एलिझाबेथ रसेल या विदुषी जन्मजात पांडुरोग असलेल्या उंदरांचा अभ्यास करीत होत्या. त्यांच्याकडे अशा उंदरांच्या दोन जाती होत्या. एकीचे नाव ‘डब्ल्यू’, दुसरीचे ‘स्टील’. दोन्ही दिसायला सारख्या : अंगावर पांढरे केस, काळे डोळे, आणि रक्त कमी. आजारही एकच दिसतो. मग कारणही एकच असेल, असे कोणालाही वाटेल.

१९६० नंतरच्या दशकात या उंदरांवर मज्जारोपणाचे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष थोडक्यात असे :

निरोगी उंदराची मज्जा ‘डब्ल्यू’ला दिली, तर तो बरा झाला.

निरोगी उंदराची मज्जा ‘स्टील’ला दिली, तर तो बरा झाला नाही.

आजारी ‘स्टील’ची मज्जा आजारी ‘डब्ल्यू’ला दिली, तर ‘डब्ल्यू’ बरा झाला!

पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि याचा उलगडा स्वतः करून पाहा. ‘स्टील’च्या मज्जेने दुसरा उंदीर बरा झाला, त्या अर्थी तिच्यातल्या मूलपेशी ठणठणीत होत्या. तरीही ‘स्टील’च्या स्वतःच्या शरीरात त्या रक्त पुरेसे बनवीत नव्हत्या, आणि बाहेरून आणलेल्या निरोगी मूलपेशीही तेथे रुजत नव्हत्या. म्हणजे ‘डब्ल्यू’मध्ये बी खराब होते आणि जमीन चांगली होती, ‘स्टील’मध्ये बी चांगले होते आणि जमीन नापीक होती.

यामागचे रसायन कळायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. ‘डब्ल्यू’ जातीत बिघडलेले जनुक मूलपेशीच्या पृष्ठभागावरील एका ग्राहक प्रथिनाचे आहे, हे १९८८ साली समजले. ‘स्टील’ जातीत बिघडलेले जनुक त्या ग्राहकाला चिकटणाऱ्या संदेशप्रथिनाचे आहे, हे १९९० साली उमगले. या संदेशप्रथिनाला स्टेम सेल फॅक्टर म्हणतात. ते मूलपेशी बनवीत नाही, तिच्या शेजारच्या पेशी बनवितात. ‘डब्ल्यू’ची मूलपेशी बहिरी होती, ‘स्टील’मध्ये तिला हाक मारणारे शेजारी मुके होते. केसांना रंग देणाऱ्या पेशींनाही हीच हाक लागते. म्हणून दोन्ही जातींचे केस पांढरे!

कोनाडा

१९७७ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे मायकेल डेक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदराच्या मूलपेशी काचपात्रात कित्येक आठवडे टिकवून ठेवण्यात यश आले. त्यांची युक्ती सांगण्याजोगी आहे. मज्जेतल्या ज्या पेशी पात्राच्या तळाला चिकटून एक थर तयार करतात, तो थर त्यांनी आधी नीट वाढू दिला. या पेशी स्वतः रक्त बनवीत नाहीत. आपण त्यांना आधारपेशी म्हणू. त्या थराच्या सोबतीने मूलपेशी टिकल्या. त्याच्यावाचून त्या लवकरच संपून जात.

पुढच्याच वर्षी, १९७८ साली, मँचेस्टरच्याच रे स्कोफिल्ड यांनी एक कल्पना मांडली. मूलपेशी एका ठराविक जागी इतर पेशींच्या सहवासात बसलेली असते. ती जागा तिला मूलपेशी म्हणून टिकवून धरते. तिची जी मुलगी त्या जागेबाहेर पडते, तिचे बालपण संपते आणि ती रक्तपेशी होण्याच्या वाटेला लागते. या जागेला त्यांनी ‘निश’ असे नाव दिले. इंग्रजीत हा शब्द भिंतीतल्या कोनाड्यासाठी वापरतात. आपल्याकडे जुन्या घरांत दिवा ठेवायला कोनाडा असे. वाऱ्याने दिवा विझू नये आणि त्याची ज्योत कशाला लागूही नये, अशी ती जागा. मूलपेशीच्या जागेला कोनाडा हे नाव म्हणूनच चपखल बसते.

स्कोफिल्ड यांची ही कल्पना बराच काळ कल्पनाच राहिली. २००० साली फळमाशीच्या अंडाशयात असा कोनाडा प्रत्यक्ष दाखविता आला. २००३ साली उंदरांवर काम करणाऱ्या दोन गटांनी सांगितले, की हाड घडविणाऱ्या पेशी वाढविल्या तर रक्ताच्या मूलपेशीही वाढतात. तेव्हा कोनाडा हाडाच्या आतल्या भिंतीला लागून असावा असे वाटले. २००५ साली दुसऱ्या एका गटाला बहुतेक मूलपेशी मज्जेतल्या पातळ भिंतीच्या रुंद रक्तवाहिन्यांच्या कडेला आढळल्या. २०१२ साली एकेका जातीच्या शेजाऱ्याकडून स्टेम सेल फॅक्टरचे जनुक काढून घेऊन पाहिले. हाड घडविणाऱ्या पेशींकडून काढले तर मूलपेशींना फरक पडला नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या आणि त्यांच्या भोवतीच्या आधारपेशींकडून काढले, तेव्हा मूलपेशी कमी झाल्या. विज्ञानात मत बदलावे लागते, आणि ते बदलते कसे, याचा हा चांगला नमुना आहे. पहिल्या गटाने पाहिलेले खोटे नव्हते. त्याचा अर्थ पुढच्या प्रयोगांनी नेमका केला.

‘थांब’ म्हणणारे शेजारी

आज आपल्याला या आळीतली बरीच मंडळी ओळखीची झाली आहेत. रक्तवाहिन्यांच्या भोवती लांब हातपाय पसरून बसलेल्या आधारपेशी दोन महत्त्वाची कामे करतात. स्टेम सेल फॅक्टरने त्या मूलपेशीला जिवंत ठेवतात, आणि सीएक्ससीएल-१२ नावाच्या प्रथिनाने तिला जागेवर धरून ठेवतात. हे दुसरे प्रथिन म्हणजे जणू अदृश्य दावे. ते आखूड झाले की मूलपेशी घराजवळ राहते, सैल सोडले की ती रक्तात उतरते.

मज्जेत रक्तपट्टिका घडविणाऱ्या मोठ्या पेशी असतात. त्या मूलपेशीच्याच वंशातल्या. २०१४ साली दोन गटांनी उंदरांत दाखविले, की या पेशी मूलपेशीला विश्रांतीत ठेवणारे संदेश पाठवितात. त्या काढून टाकल्या तर मूलपेशी जाग्या होऊन विभागू लागतात. नातवंडे पुरेशी झाली की तीच आजीला सांगतात, ‘आता तू बस.’ उत्पादनावर उत्पादनानेच लगाम ठेवण्याची ही सोय किती सुटसुटीत आहे पाहा.

चरबीच्या पेशींची गोष्ट आणखी गमतीची आहे. लहान मुलांच्या जवळजवळ सगळ्या हाडांत लाल, म्हणजे रक्त घडविणारी, मज्जा असते. वय वाढते तशी हातापायांच्या लांब हाडांतील बरीचशी मज्जा पिवळी, चरबीयुक्त होते. लाल मज्जा मुख्यतः कटीची हाडे, मणके, बरगड्या, उरोस्थी आणि कवटी यांत उरते. उंदरांवरील २००९ सालच्या एका अभ्यासात असे दिसले, की जेथे चरबीच्या पेशी दाट तेथे मूलपेशींचे काम मंद. मात्र २०१७ साली असे आढळले, की किरणांच्या माऱ्याने मज्जा उद्ध्वस्त झाल्यावर याच चरबीच्या पेशी स्टेम सेल फॅक्टर पुरवून रक्त पुन्हा उभे राहायला मदत करतात. एरवी आडकाठी करणारा शेजारी संकटात धावून आला! तेव्हा अमुक पेशी ‘चांगली’ आणि तमुक ‘वाईट’ असे लेबल लावण्याची घाई करू नये.

मज्जेत चेतातंतूही येतात. २००८ साली उंदरांत असे आढळले, की हे चेतातंतू दिवस-रात्रीच्या तालावर आधारपेशींना संदेश देतात. त्याबरोबर सीएक्ससीएल-१२ कमी-जास्त होते आणि रक्तात उतरणाऱ्या मूलपेशींची संख्याही ठराविक वेळी वाढते, ठराविक वेळी घटते.

या साऱ्यातून एक गोष्ट नजरेत भरते. शेजाऱ्यांचे मोठे काम मूलपेशीला वाढविणे हे नसून तिला आवरणे हे आहे. वाढण्याची क्षमता तिच्यात मुळातच आहे. ती केव्हा वापरायची नाही, हे तिला शेजारात शिकावे लागते.

आणि शेजार बिघडला तर? २०१० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदरांत केवळ हाड घडविणाऱ्या पेशींच्या पूर्वजांतले एक जनुक काढून टाकले. रक्ताच्या मूलपेशींना त्यांनी हातही लावला नव्हता. तरी त्या उंदरांचे रक्त बिघडले आणि काहींना रक्ताचा कर्करोग झाला. म्हणजे दोष शेजाऱ्यात आणि आजार रक्तात. उलट बाजूने, पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेले काम पाहा. तरुण आधारपेशी आपल्या अंगातून अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर टाकतात. त्या पिशव्या उंदरांच्या म्हाताऱ्या मूलपेशींना मिळाल्या तेव्हा त्यांची कार्यक्षमता पुन्हा वाढली. मूलपेशीचे वय तिच्या जन्मतारखेवर जेवढे, तेवढेच ते सोबतीवर अवलंबून असते, असे यावरून म्हणता येईल. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, माणसात सारे हुबेहूब तसेच असेल असे नाही, एवढे भान मात्र ठेवायला हवे.

पुस्तकात काय बदलावे?

येथे शिक्षक म्हणतील, ‘अहो, अभ्यासक्रम आधीच जड आहे. शाळेतल्या मुलांना एवढे तपशील कशाला? रक्त अस्थिमज्जेत होते एवढे पुरे नाही का?’

या आक्षेपात तथ्य आहे. प्रथिनांची नावे पाठ करायला लावणे हा मुलांवर अन्याय होईल, आणि मी ते मागत नाही. माझी मागणी एका वाक्याची आहे. ‘रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात’ या वाक्यापुढे एवढेच जोडावे : ‘मज्जेतील मूलपेशींपासून त्या तयार होतात, आणि मूलपेशींनी केव्हा वाढावे व केव्हा थांबावे हे मज्जेतील इतर पेशी ठरवितात.’ हे वाक्य सोपे आहे, खरे आहे, आणि विचार करायला लावणारे आहे.

दुसरी मागणी शिक्षकांकडे. वर दिलेले दोन पांढऱ्या उंदरांचे तीन निष्कर्ष फळ्यावर लिहा आणि विद्यार्थ्यांना विचारा, ‘दोष कोठे आहे?’ पंधरा मिनिटे पुरतील. त्याला उपकरण लागत नाही, रसायन लागत नाही. लक्षण सारखे असले तरी कारण वेगळे असू शकते, आणि अदलाबदल करून ते शोधता येते, ही वैज्ञानिक पद्धतीची शिकवण त्या पंधरा मिनिटांत जेवढी पक्की होईल, तेवढी व्याख्या घोकून होणार नाही.

जाहिरात वाचताना

आता त्या किमतीकडे वळू. मूलपेशी म्हणजे जादूचे बीज, ही समजूत घट्ट बसली की तिचा व्यापार करणारे भेटतातच. ‘मूलपेशींचे इंजेक्शन घ्या : गुडघे, मेंदू, हृदय, सारे दुरुस्त!’ अशा धर्तीच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मूलपेशी संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत स्पष्ट म्हटले होते, की रक्ताच्या मान्य आजारांसाठी केले जाणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा इतर वापर नेहमीचा उपचार म्हणून करता येणार नाही. तो मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करावा. बाळाच्या नाळेतील रक्त त्याच बाळाच्या पुढील उपयोगासाठी पैसे भरून साठवून ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असेही त्यांत नमूद आहे.

रक्ताच्याच बाबतीत हा उपचार एवढा यशस्वी का झाला? कारण तेथे कोनाडे तयार आहेत. अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५०–६० च्या दशकापासून मज्जारोपणाचे काम नेटाने चालविले आणि १९९० साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी या उपचाराचा पाया घातला. यात रोग्याला आधी तीव्र औषधे देतात. त्यामुळे रोगट पेशी मरतात, आणि त्याबरोबर जुने कोनाडेही रिकामे होतात. मग दात्याच्या मूलपेशी, रक्त चढवितात तशा, शिरेतून देतात. त्या रक्तातून फिरत फिरत हाडांत पोचतात आणि सीएक्ससीएल-१२ च्या ओढीने आपापले कोनाडे शोधून काढतात. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारावर २०२३ साली इंग्लंड-अमेरिकेत जनुक-दुरुस्तीचा जो नवा उपचार मान्य झाला, त्यातही रोग्याच्या दुरुस्त केलेल्या मूलपेशी परत देण्यापूर्वी कोनाडे रिकामे करावेच लागतात.

तेव्हा मूलपेशींची कोणतीही जाहिरात वाचताना तीन प्रश्न विचारा. या पेशी शरीरात कोठे जाऊन राहणार? तेथे त्यांना जगवणारे कोण आहे? आणि त्या वाढू लागल्या तर त्यांना ‘थांब’ कोण म्हणणार? या प्रश्नांना उत्तर नसेल तर पैसे मोजू नयेत, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनाही ते प्रश्न जरूर सांगावेत.

यावर कोणी म्हणेल, कोनाडा प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने करता येणार नाही का? त्या दिशेने पावले पडत आहेत. २०१९ साली जपान व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदराच्या मूलपेशी महिनाभरात शेकडो पटींनी वाढविल्या. त्यासाठी त्यांनी पोषक द्रवात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल वापरले. हा पदार्थ काही प्रकारच्या डिंकातही असतो! २०२३ साली दुसऱ्या एका बहुवारिकाच्या साह्याने मानवी मूलपेशीही प्रयोगशाळेत वाढविता आल्या. पण तेथे संदेशप्रथिनांऐवजी त्यांचेच काम करणारी रसायने वापरावी लागली. शेजार टाळता आला नाही; त्याची नक्कल करावी लागली.

‘मज्जा’ या शब्दाचा घोटाळा

शेवटचा मुद्दा आपल्या भाषेचा. मराठीत आपण अस्थिमज्जा म्हणतो, आणि मज्जासंस्था व मज्जारज्जू असेही म्हणतो. पहिली हाडातली, रक्त घडविणारी. पुढच्या दोन्ही मेंदूशी जोडलेल्या. जुन्या आयुर्वेदातल्या सप्तधातूंच्या यादीत अस्थीनंतर मज्जा येते, म्हणजे हाडात भरलेली ती मज्जा हाच अर्थ जुना. शब्दाच्या या सारखेपणामुळे ‘मज्जा दान करा’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पाठीचा कणा येतो आणि ‘पुढे लुळेपणा आला तर?’ ही भीती उभी राहते. पुस्तकांत आता बहुधा चेतासंस्था आणि मेरुरज्जू हे शब्द असतात. शिक्षकांनी बोलतानाही तेच वापरावेत आणि मज्जा हा शब्द हाडासाठी राखून ठेवावा. एवढ्याने पुष्कळ भीती कमी होईल.

प्रत्यक्षात दान कसे होते? एका पद्धतीत दात्याला भूल देऊन कटीच्या हाडाच्या मागल्या बाजूने सुईने मज्जा काढतात. मेरुरज्जूला स्पर्शही होत नाही. दुसरी पद्धत आज अधिक वापरली जाते. तिच्यात दात्याला चार-पाच दिवस एका वाढप्रथिनाची इंजेक्शने देतात. त्याने मज्जेतल्या शेजाऱ्यांची पकड ढिली होते, सीएक्ससीएल-१२ कमी होते आणि मूलपेशी रक्तात उतरतात. मग दंडातील शिरेतून रक्त यंत्रात घेऊन मूलपेशी तेवढ्या वेगळ्या करतात आणि बाकीचे रक्त दात्याला परत देतात. त्या दिवसांत अंग दुखते, पण दिलेल्या पेशींची भर काही आठवड्यांत भरून निघते. कारण कोनाडे शाबूत असतात आणि तेथे उरलेल्या मूलपेशींना ‘आता वाढा’ असे सांगणारे शेजारीही.

सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. ज्या रोग्याला जुळणारे भावंड नसते, त्याची सारी आशा अनोळखी दात्यांच्या नोंदवहीवर असते. त्या नोंदवहीत आपल्यासारख्या वंशाची माणसे जितकी अधिक, तितकी आपल्यातल्या रोग्याला जुळणी मिळण्याची शक्यता जास्त. तुमच्यापैकी बहुतेकांना नाव नोंदविण्यासाठी वयाची १८ वर्षे पुरी होईपर्यंत थांबावे लागेल. तोवर एक काम करता येईल. घरी, शेजारी, वर्गात कोणी ‘मज्जा दिली तर माणूस लुळा होतो’ असे म्हटले, तर त्याला कटीचे हाड आणि पाठीचा कणा यांतला फरक कागदावर काढून दाखवा. आणि परीक्षेत ‘रक्त कोठे तयार होते?’ असा प्रश्न आला, तर ‘अस्थिमज्जेत’ असे लिहून झाल्यावर आणखी एक ओळ शेजाऱ्यांविषयी लिहा. तिच्यासाठी जादा गुण मिळतील न मिळतील. तपासणाऱ्या गुरुजींच्या वाचनात मात्र ती नक्की येईल.